पान चौतीसची दुरुस्ती

माझं काम डॉक्युमेंट कंट्रोलरचं. अबुधाबीत तेलाच्या प्लांटची कामं घेणाऱ्या एका कंपनीत अठरा वर्षं मी तेच करतोय. ड्रॉइंग आलं की त्याला नंबर द्यायचा, कोणाकोणाकडे गेलं ते नोंदवायचं, आणि नवीन रिव्हिजन आली की जुन्यावर ‘रद्द’चा लाल शिक्का मारायचा, म्हणजे साइटवर कोणी जुन्या कागदावरून पाइप जोडत नाही. अठरा वर्षांत माझ्या हातून चुकीचा कागद बाहेर गेलेला नाही. हे कौतुकासाठी सांगत नाही. पुढे जे सांगायचंय त्यात ‘नजरचुकीने झालं’ ही सबब मला वापरता येणार नाही, एवढ्यासाठी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात पान चौतीसवर माझा लेख आला होता. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थांवर. बऱ्याच जणांनी ‘छान झालाय’ म्हणून सांगितलं. बहुतेकांनी फोटो पाहिला असावा.

खलिफा सिटीत व्हिला म्हणजे बाहेरून एक घर आणि आतून सहा. आमचं वरचं. खाली माझ्या मुलीच्या शाळेतल्या एक शिक्षिका राहायच्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे वडील, ऐंशीच्या घरातले. नावं छापू नका असं त्या बाईंनी सांगितलंय, म्हणून छापत नाही. ज्यांनी आयुष्यभर लोकांची नावं नीट छापली त्यांच्यावर लिहिताना हे विचित्रच आहे, पण काय करणार.

ते कृष्णवर्णीय. आपल्या गावात एक साप्ताहिक त्यांनी काढलं, चाळीस वर्षं चालवून बंद केलं आणि बऱ्याच वर्षांनी पत्नी गेल्यावर मुलीकडे आले. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आमच्या घरात त्यांचं बारसं पहिल्याच आठवड्यात झालं होतं.

“खालच्या काळ्याने केक पाठवलाय,” बायको म्हणाली. “रताळ्याचा आहे म्हणे. उपासाला चालेल का बघा.”

“अगं, त्यात अंडं असणार.”

“मग तुम्ही खा.”

मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “यू गाइज आर सो एम्बॅरसिंग.”

मी दोन तुकडे खाल्ले. वाईट हेतूने कोणी तसं म्हणत नव्हतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. हेतू काहीच नव्हता, हेच खरं. तोंडाला आलं ते म्हणालो.

आमची ओळख गेटपाशी झाली. सकाळी ते खजुराच्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून इथला इंग्रजी पेपर वाचत बसायचे, हातात लाल पेन्सिल. पेपर वाचायचे म्हणजे तपासायचे. मी नाव सांगितलं. इकडे सगळे मला मिस्टर लावून पहिल्या नावाने हाक मारतात, शिपायापासून डायरेक्टरपर्यंत.

“ते तुमचं नाव झालं,” ते म्हणाले. “आडनाव?”

मी सांगितलं. त्यांनी खिशातून वही काढली, स्पेलिंग दोनदा विचारलं आणि लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी मिस्टर आणि पुढे आडनाव. आमचं आडनाव तसं अवघड, पण त्यांच्या तोंडी ते कधी चुकलं नाही. इमिग्रेशनवाल्यांनी माझ्या रेसिडेन्स कार्डावर ते अजून चुकीचं ठेवलंय.

मंगळवारी त्यांना हॉस्पिटलला जावं लागायचं, किडनीच्या तपासणीसाठी. आमच्या कंपनीची गाडी मला मुसफ्फ्याच्या ऑफिसला सोडायला त्याच रस्त्याने जायची, म्हणून मी त्यांना बरोबर घ्यायला लागलो. गाडीचे ड्रायव्हर राजापूरकडचे, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, नववीपर्यंत शिकलेले. अबुधाबीत माझ्या आधीपासून. मी त्यांना नावाने हाक मारायचो आणि ‘अरे’ म्हणायचो. ते मला ‘साहेब’ आणि ‘अहो’. असं कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या मंगळवारी वृद्ध गृहस्थ पुढच्या सीटवर बसले आणि वही काढून ड्रायव्हरांना म्हणाले, “तुमचं आडनाव?”

ड्रायव्हरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे सांगू का, असं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मलाही ते माहीत नाही. अकरा वर्षं हे मला रोज ऑफिसला सोडत होते.

गाडीत आणि खजुराच्या झाडाखाली त्यांनी त्यांची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. ते इंग्रजीत सांगायचे, मी इथे मराठीत देतोय.

त्यांच्या आई शिक्षिका होत्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, नदीकाठचं गाव. गावातल्या निम्म्या काळ्या लोकांना अक्षरओळख त्यांनी करून दिली. त्या वारल्या तेव्हा हे पंचविशीचे होते. गावात गोऱ्यांचा मोठा पेपर होता. त्या पेपरात गोऱ्या माणसाच्या नावामागे मिस्टर, बायकांच्या मागे मिसेस. काळ्यांचं नुसतं पहिलं नाव, जसं आपण घरच्या गाईचं सांगतो. आईंच्या निधनाची बातमी तशीच आली. पहिलं नाव, शिक्षिका, वारली. हे पेपरच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, मिसेस लावा, उद्या पुन्हा छापा. संपादक सभ्यपणे म्हणाला, तुमचं दुःख मला समजतं, पण ती आमची छपाईची पद्धत आहे.

“मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“मी माझी पद्धत काढली.”

मामाच्या केस कापायच्या दुकानामागे एक खोली होती, तिथे साप्ताहिक सुरू झालं. पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर आईंच्या निधनाची बातमी, मिसेससह. बातमी तीन महिने जुनी होती. त्यानंतर चाळीस वर्षांत त्या पेपरात मिस्टर-मिसेसशिवाय एकही नाव छापलं गेलं नाही. कोंबडी चोरल्याची बातमी असली तरी ‘मिस्टर अमुक यांच्यावर कोंबडी चोरल्याचा आरोप आहे’. चोर येऊन अंकाच्या पाच प्रती घेऊन गेला म्हणे. त्याच्या घरात कोणाला यापूर्वी मिस्टर लागलं नव्हतं.

त्यांचा दुसरा नियम चुकांचा. चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत. “लोक चूक पहिल्या पानावर करतात आणि माफी आतल्या पानावर, भोपळ्याच्या भावाखाली मागतात,” ते म्हणायचे.

त्या खोलीच्या खिडकीतून एकदा वीट आली होती. ती त्यांनी ठेवली. आयुष्यभर टेबलावर कागद दाबायला वापरली आणि इकडे येताना बॅगेत घालून आणली. एअरपोर्टवर कस्टमच्या माणसाने ती उलटीसुलटी करून पाहिली.

“हे काय आहे?”

“संपादकाला आलेलं पत्र,” ते म्हणाले.

कस्टमवाल्याने थोडा विचार केला आणि “यल्ला”, म्हणजे चला, म्हणून सोडून दिलं.

त्या वर्षीच्या दिवाळी अंकाचा विषय होता ‘परक्या मुलखात भेटलेली माणसं’. मी बोलणारा माणूस नाही, मंडळाच्या सभेत मागच्या रांगेत बसतो. पण यांच्यावर लिहितो म्हणून हात वर केला. त्यांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. दोन दिवसांनी गेटपाशी त्यांनी मला थांबवलं.

“तुमच्या भाषेत मिसेसला काय म्हणतात? माझी आई तुमच्या वाचकांना मिसेस म्हणून कळेल ना?”

मी म्हटलं, आमच्याकडे त्याची गरजच नाही. आमच्यात मान क्रियापदातच असतो. आदरणीय बाई आली असं आम्ही म्हणत नाही, आल्या म्हणतो. गेल्या, बोलल्या, शिकवत होत्या. सर्वनामही वेगळं.

“प्रत्येक क्रियापदात?”

“प्रत्येक.”

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडे हे चुकून गाळता येत नाही.”

“नाही,” मी म्हणालो. “चुकून नाही.”

लेख मी ‘ते’ आणि ‘त्या’ असाच लिहिला होता. अंकाची बैठक अध्यक्षांच्या घरी झाली. अध्यक्षांचा ट्रेडिंगचा मोठा धंदा, आमच्या कंपनीलाही त्यांचा माल येतो. चहा आणि भडंग होतं. अध्यक्षांनी लेख वाचला.

“उत्तम. फक्त ते अहो-जाहो काढा.”

“का?”

“अहो, परदेशी माणसाला मराठीत एकेरीच लिहितात. क्रिकेटची कॉमेंटरी ऐका. बोलर आला, बॅट्समन गेला. ‘बोलर आले’ असं कोणी म्हणतं का? उगाच कीर्तन वाटतं. त्यातून हा...” इथे त्यांनी भडंगाचा हात हवेत फिरवला. “म्हणजे माणूस चांगलाच असणार. पण वाचायला जड होतं.”

कोणीतरी म्हणालं, बरोबर आहे, सुटसुटीत हवं. पुढचा लेख आमच्या कंपनीच्या ब्रिटिश डायरेक्टरांवर होता, अध्यक्षांनी स्वतः लिहिलेला. पहिलं वाक्य ‘सर मला प्रथम भेटले ते फुजैऱ्याला’ असं होतं. भेटले. मी ते वाचलं होतं, पान माझ्यासमोर होतं. ‘मग हे कसं?’ हे तीन शब्द मला विचारता आले असते. मी भडंगातला शेंगदाणा शोधला.

“करतो,” मी म्हणालो.

घरी येऊन कॉम्प्युटरला बसलो. आधी सोपा रस्ता पाहिला. ‘ते’च्या जागी ‘तो’ घाला, असा हुकूम एका बटणात देता येतो. दिला. कॉम्प्युटरने इमानेइतबारे सगळीकडे बदललं. ‘होते’चं ‘होतो’ झालं, ‘जाते’चं ‘जातो’. ‘वडील गोदीत ओझी वाहत होते’ याचं ‘वडील गोदीत ओझी वाहत होतो’ झालं. ‘त्याच खोलीत छापत होते’चं ‘त्याच खोलीत छापत होतो’. त्यांचं आयुष्य मीच जगलो असं वाटायला लागलं. सगळं मागे घेतलं आणि एकेक क्रियापद हाताने बदलायला बसलो.

मराठीत माणसाला खाली आणायला असे कष्ट पडतात. म्हणाले, म्हणाला. सांगितलं त्यांनी, सांगितलं त्याने. मी मोजत होतो, सवय आहे. एकशे बारा ठिकाणं. तीन तास लागले. कुठेही हात अडखळला नाही, हेही आज सांगतो. उलट, ‘ते’ लिहिताना मला थोडं सांभाळून लिहावं लागलं होतं. ‘तो’ सरसर आलं. आमच्या घरात ते पहिल्या आठवड्यापासून तयारच होतं.

आईंपाशी मात्र थांबलो. एक चहा करून घेतला. मग विचार केला की मुलगा ‘तो’ आणि आई ‘त्या’ हे विसंगत दिसेल. आमच्या कामात विसंगती चालत नाही. तेही बदललं. छापून आलेलं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘ती वारली तेव्हा पेपरने तिच्या नावामागे मिसेस लावलं नाही, म्हणून तो फार चिडला.’

मंडळात दीडशे घरं. हे वाक्य वाचून एकही जण हसला नाही.

अंक हातात पडला तेव्हा ते गृहस्थ देवनागरीवरून बोट फिरवत बसले होते. पान चौतीस त्यांनी विटेखाली ठेवलं. पुढच्या मंगळवारी अंक घेऊनच गाडीत बसले. हॉस्पिटलात पोचलो, नंबरला चाळीस मिनिटं होती. पार्किंगमध्ये गाडी उभी करून एसी चालू ठेवला होता. त्यांनी अंक ड्रायव्हरांपुढे धरला आणि त्यांना मिस्टर लावून म्हणाले, “अर्थ नको. मला फक्त ऐकायचंय, कसं वाजतं ते.”

मी मागच्या सीटवर होतो. मोबाइल काढून बघायला लागलो. स्क्रीन बंद होता.

ड्रायव्हरांनी चष्मा लावला. पहिली ओळ मनात वाचली, थांबले. आरशात पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“त्यांचा जन्म नदीकाठच्या एका गावात झाला. त्यांच्या आई शाळेत शिकवत होत्या.”

छापलेलं होतं: ‘त्याचा जन्म. त्याची आई शिकवायची.’

ते हळू वाचत होते. स्पीडब्रेकर आला की गाडी हळू करावी तसे प्रत्येक क्रियापदापाशी हळू व्हायचे, ते ओलांडायचे आणि पुढे जायचे. म्हणाला होतं तिथे म्हणाले. आला होतं तिथे आले. एकही सुटलं नाही. मी तीन तास घालून जे केलं होतं ते त्यांनी पंचवीस मिनिटांत उलटं केलं, तेही तोंडी.

“माझी आई कुठे आहे?” मध्येच वृद्ध गृहस्थांनी विचारलं.

ड्रायव्हरांनी ओळीवर बोट ठेवलं. “मदर हिअर, सर.” आणि वाचलं, “त्या वारल्या तेव्हा पेपरने त्यांच्या नावामागे मिसेस लावलं नाही.”

ते गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “छान वाजतं. पावलं टाकल्यासारखं.” आणि तपासणीला आत गेले.

आम्ही दोघं गाडीत उरलो.

“साहेब,” ड्रायव्हर म्हणाले, “मी वाचलं तसं छापलेलं नाहीये.”

“माहीत आहे.”

“मला वाटलं टायपिंगची चूक.”

“नाही.”

“बरं,” ते म्हणाले आणि अंक घडी पडणार नाही असा डॅशबोर्डवर ठेवला.

ते पुन्हा त्यावर बोलले नाहीत. मीही नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं. चार महिन्यांनी शिक्षिका बाईंचा शाळेशी करार संपला आणि बापलेक अमेरिकेला परत गेले. जाण्याआधी त्यांनी पान चौतीसला फ्रेम करून घेतली होती. मुसफ्फ्याच्या दुकानातून ती फ्रेम मीच आणून दिली. दुकानदार मल्याळी, त्याला मराठी वाचता येत नव्हतं. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आता ती त्यांच्या बैठकीच्या खोलीत, वीट ठेवलेल्या टेबलाच्या वर लावलेली असते. माझी मुलगी तिच्या जुन्या टीचरना कधीमधी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा मागे दिसते. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून हात हलवत असे.

यंदा मे महिन्यात ड्रायव्हर रिटायर झाले. एअरपोर्टला त्यांना मी सोडलं. गाडी मी चालवत होतो, ते शेजारी बसले होते, मांडीवर पिशवी. खलिफा सिटी मागे पडल्यावर ते म्हणाले, “साहेब, त्या पेपरवाल्यांना सांगितलंत?”

“नाही.”

“भिंतीवर लावलंय म्हणे.”

“हो.”

“तिकडे आपली माणसं कमी आहेत का? एखाद्या दिवशी कोणीतरी घरी येईल, भिंतीवर मराठी बघून खूश होईल आणि मोठ्याने वाचून दाखवेल. अर्थासकट.” ते खिडकीबाहेर बघत होते. “मी काय तिथे असणार नाही वाचायला.”

बॅगा उतरवल्या. मी म्हटलं, “अहो, सांभाळून जा.”

ते हसले. “आता कशाला, साहेब? मला सवय नाही.”

तरी मी पुन्हा म्हटलं. आडनावासकट. हे आडनाव मला पाठ होतं. दुसऱ्याच कोणीतरी विचारलेलं.

पुढच्या रविवारी मी अमेरिकेला फोन केला. कॅमेरा बंद ठेवला. हवापाण्याचं बोलून झाल्यावर सगळं सांगितलं. क्रियापदं कशी चालतात ते पुन्हा समजावलं, गेटपाशी दिलेल्या आश्वासनाची आठवण करून दिली, आणि मग काय छापलंय ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. इंग्रजीत ते सांगताच येत नाही. ‘ही’ आणि ‘शी’ एवढंच आहे त्यांच्याकडे. शेवटी म्हणालो, “तुमच्या गावच्या पेपरने जे केलं तेच मी केलं. मिसेस काढून टाकलं.”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. 

“किती ठिकाणी?”

“एकशे बारा. आईंची धरून.”

“हे कोणी सांगितलं करायला?”

मी तोंड उघडलं होतं. अध्यक्षांचं नाव जिभेवर होतं. “सुचवलं दुसऱ्यांनी,” मी म्हणालो. “केलं मी. हाताने. एकेक.”

“आणि गाडीत जे वाचलं गेलं?”

“ते बरोबर होतं. ड्रायव्हरांनी वाचताना दुरुस्त केलं.”

“न थांबता?”

“न थांबता.”

“चांगले संपादक आहेत,” ते म्हणाले आणि ड्रायव्हरांचं आडनाव उच्चारलं, मिस्टर लावून, अचूक. माझ्याबद्दल काही म्हणाले नाहीत. मग विचारलं, “कितवं पान?”

“चौतीस.”

“मग चौतीस.”

मी म्हणालो, ती फ्रेम काढून ठेवा, मी नवीन पान पाठवतो. आमच्या कामात जुन्यावर शिक्का मारतात.

“आमच्या कामात मारत नाहीत,” ते म्हणाले. “जुनं राहू दे. दुरुस्ती आली की शेजारी लावेन. अक्षरं तेवढीच मोठी ठेवा.” दहा वाजता त्यांना केस कापायला जायचं होतं. माफ केलंत का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

यंदाच्या संपादक बाई दातांच्या डॉक्टर आहेत. त्या म्हणाल्या, पान चौतीसवर मसाल्याची जाहिरात ठरलीय, तुमचं बावन्नवर घेते. मी म्हटलं, बावन्न चालणार नाही. कारण काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हे सगळं त्यांच्याकडे पाठवून दिलं. जाहिरात बावन्नवर गेलीय. अध्यक्ष हे वाचतीलच. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही; भडंग त्यांचं होतं, हात माझे होते.

दुरुस्ती: तीन वर्षांपूर्वीच्या अंकात याच पानावर ‘ती वारली तेव्हा पेपरने तिच्या नावामागे मिसेस लावलं नाही, म्हणून तो फार चिडला’ असे छापले होते. ते पुढीलप्रमाणे वाचावे: ‘त्या वारल्या तेव्हा पेपरने त्यांच्या नावामागे मिसेस लावलं नाही, म्हणून ते फार चिडले.’ लेखातल्या उरलेल्या सर्व जागाही अशाच वाचाव्यात. चूक टायपिंगची नव्हती.